सरोवरातला मासा नेमका कुठे?

गळ टाकून बसलेल्या माणसाला फक्त चिकाटी लागते आणि बाकीचे काम नशीब करते, असा आपला एक समज असतो. गावाबाहेरच्या तळ्यापुरता तो खराही असेल. पण तळे पंचवीस हजार चौरस किलोमीटरहून मोठे असेल तर? उत्तर अमेरिकेत, अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा यांच्या सीमेवर पसरलेले ईरी सरोवर एवढे मोठे आहे. आपले पुणे आणि सातारा हे दोन जिल्हे शेजारी शेजारी मांडले, तर साधारण तेवढी जागा होईल. एवढ्या पाण्यात हातभर लांबीचा मासा शोधायचा कुठे?

ईरीच्या पश्चिम भागात काही बेटे आहेत. त्यांतल्या तिघांची नावे उत्तर बास, मधले बास आणि दक्षिण बास अशी आहेत. ही नावे पडली ती तिथल्या ‘बास’ नावाच्या माशावरून. मे-जूनमध्ये, म्हणजे तिथला उन्हाळा सुरू होताना, या बेटांभोवती गळ टाकणाऱ्यांची गर्दी होते. हा प्रघात दीडशे वर्षांहून जुना आहे. ‘आज मासा कुठे असेल?’ हा त्यांचा रोजचा प्रश्न. या साध्या प्रश्नाचे उत्तर मिळायला पदार्थविज्ञान, जीवशास्त्र आणि सरोवरविज्ञान अशा तीन शास्त्रांचा शंभरेक वर्षांचा खटाटोप लागला. आणि ते मिळाले तेव्हा त्यातून आणखी एक प्रश्न उभा राहिला. मासा कुठे आहे हे कळले म्हणून तो तेव्हाच पकडावा का? या दोन प्रश्नांचा इतिहास आपण पाहू.

मोडक्या पराचे नाव

आधी माशाची ओळख करून घेऊ. बेटांभोवतीचा हा मासा म्हणजे स्मॉलमाउथ बास. रंग हिरवट-तपकिरी, अंगावर उभे पुसट पट्टे. त्याला स्वच्छ, थंडसर पाणी आणि खडकाळ तळ लागतो. याचा भाऊबंद लार्जमाउथ बास. त्याला उबदार, पाणवनस्पतींनी भरलेले उथळ पाणी आवडते. दोघांत फरक करायची खूण सोपी आहे. मोठ्या तोंडाच्या जातीत जबड्याचे टोक डोळ्याच्याही मागे जाते, लहान तोंडाच्या जातीत ते डोळ्याच्या मागच्या कडेपलीकडे जात नाही.

स्मॉलमाउथचे शास्त्रीय नाव मायक्रोप्टेरस डोलोमियू. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेद याने ते १८०२ मध्ये दिले. मायक्रोप्टेरस म्हणजे ‘लहान पराचा’. पण या माशाचा पर काही लहान नसतो! झाले असे, की पॅरिसमध्ये लासेपेदच्या हाती आलेल्या नमुन्याचा पाठीवरचा पर मोडलेला होता. मागचा तुकडा वेगळा राहिल्याने तो स्वतंत्र, चिमुकला पर आहे असे त्याला वाटले. डोलोमियू हे नाव त्याचा मित्र, खनिजशास्त्रज्ञ दोलोम्यू याच्यावरून. डोलोमाइट या खनिजालाही त्याचेच नाव आहे. पुढे चूक उघड झाली, पण नामकरणाच्या नियमानुसार आधी दिलेले नाव टिकते. एकाच नमुन्यावरून साऱ्या जातीविषयी निष्कर्ष काढू नये, हे वर्गात सांगायला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत या माशाचे वेड वाढले. जेम्स हेन्शॉल या डॉक्टरने १८८१ मध्ये केवळ ब्लॅक बास या माशांवर (हे दोन्ही भाऊबंद त्यात आले) एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. माशाचे वर्गीकरण, सवयी, गळ, दोरी आणि आमिष असे सगळे त्यात होते. शौकीन आणि शास्त्रज्ञ यांच्यात तेव्हा फार मोठी भिंत नव्हती.

सावकाराची वही

याच काळात बास बेटांजवळच्या जिब्राल्टर नावाच्या चिमुकल्या बेटावर एक नोंदवही भरत होती. बेटाचा मालक होता जे कुक. अमेरिकेतील यादवी युद्धात सरकारचे कर्जरोखे विकून उत्तरेकडील राज्यांसाठी पैसा उभा करणारा हा मोठा सावकार. त्याचा जन्म याच सरोवराकाठच्या सँडस्की गावातला. १८६४ मध्ये त्याने हे बेट विकत घेऊन त्यावर वाडा बांधला. उन्हाळ्याच्या सुरुवातीला एकदा आणि शरदात एकदा बासच्या शिकारीसाठी तो गोतावळ्यासह तिथे येई. कोण पाहुणे आले, हवा कशी होती, मासे किती मिळाले याच्या नोंदी वहीत होत. १८७३ मध्ये कुकची पेढी बुडाली आणि देशभर आर्थिक मंदीची लाट आली; बेटही हातचे गेले. पुढे सावरल्यावर ते त्याने परत मिळवले. १८६५ ते १९०५ या काळातील ही वही ओहायो स्टेट विद्यापीठाने १९३५ मध्ये पुस्तकरूपाने छापली.

छंदापायी लिहिलेल्या अशा वह्यांना विज्ञानात मोल असते, कारण त्या एकाच जागी, वर्षानुवर्षे लिहिलेल्या असतात. पण त्यांची एक मर्यादाही असते. मासे केव्हा आणि कुठे मिळाले हे वही सांगते, तिथेच का मिळाले हे सांगत नाही. त्यासाठी पाण्याच्या पोटात थर्मामीटर सोडावा लागतो.

चार अंशांचा खेळ

पाण्याचे असंगत आचरण आपण शाळेत शिकवतो. होपचे उपकरणही फळ्यावर काढतो. एडिंबरोच्या टॉमस होप याने १८०५ मध्ये दाखवून दिले, की पाणी थंड होताना आकुंचन पावते, पण साधारण ४ अंश सेल्सियसच्या खाली ते पुन्हा प्रसरण पावू लागते. म्हणजे ४ अंशांचे पाणी सर्वांत जड. परीक्षेत दोन गुणांपुरता उरलेला हा नियम ईरीसारख्या सरोवराचे सारे वर्ष चालवतो.

हिवाळ्यात बर्फ वर तरंगते. वसंतात ते वितळले, की वरचे पाणी तापत तापत ४ अंशांवर येते, जड होते आणि खाली बसते. वाराही मदतीला असतो. काही दिवस वरपासून तळापर्यंत सगळे पाणी एकाच तापमानाचे होऊन घुसळले जाते. तळापर्यंत प्राणवायू पोहोचतो तो या घुसळणीतच. मग ऊन वाढते. आता वरचे पाणी ४ अंशांहून उबदार, म्हणून हलके होते आणि वरच राहते. खालचे गार आणि जड पाणी तळाशी अडकून पडते.

या दोहोंची सीमा किती ठळक असते, हे विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या एडवर्ड बर्ज याने मेंडोटा सरोवरात दाखवले. बर्ज मूळचा प्राणिशास्त्रज्ञ. पाण्यातल्या पिसवांएवढे सूक्ष्म कवचधारी जीव कोणत्या खोलीवर असतात, हे तो १८९० नंतरच्या दशकात मोजत होता. त्याच्या ध्यानात आले, की उन्हाळ्यात हे जीव एका विशिष्ट खोलीखाली जवळजवळ नाहीसे होतात आणि त्याच खोलीवर तापमान एकदम घसरते. जर्मन भाषेत या थराला ‘उडीचा थर’ अशा अर्थाचा शब्द होता. बर्जने इंग्रजीसाठी ‘थर्मोक्लाइन’ हा शब्द घडवला. आपण ‘उडीचा थर’च म्हणू, कारण तापमान तिथे खरोखर उडी घेते.

पुढे बर्ज आणि त्याचा सहकारी चॅन्सी ज्युडे यांनी अनेक सरोवरांत विरघळलेल्या वायूंची मोजणी करून १९११ मध्ये मोठा अहवाल प्रसिद्ध केला. उडीच्या थराखालच्या पाण्याला वरून प्राणवायू मिळत नाही. वरून पडणारा जैव गाळ तिथे कुजतो आणि शिल्लक प्राणवायू संपवतो. सरोवर श्वास घेते, पण उन्हाळाभर त्याच्या तळाचा श्वास कोंडलेला असतो, असे या कामाचे सार सांगता येईल.

हे वर्गात दाखवता येते. काचेच्या पसरट भांड्यात निम्मे थंडगार पाणी घेऊन त्यात शाई मिसळा. त्यावर प्लॅस्टिकचे झाकण तरंगत ठेवा आणि झाकणावर अगदी हळू कोमट पाणी ओता. दोन थर स्पष्ट दिसतील. आता एका बाजूने पृष्ठभागावर फुंकर घाला. वरचे पाणी पलीकडे सरकेल आणि सीमारेषा तिरपी होईल. फुंकर थांबवली, की ती झोके घेईल. ईरीवर हीच फुंकर पश्चिमेचा वारा घालतो. उडीचा थर तिथेही असाच तिरपा होतो आणि डुलतो. शिवाय पाण्याची वरची पातळीही झुलते. जोरदार वादळात सरोवराच्या पूर्व आणि पश्चिम टोकांच्या पातळीत दोन मीटरहून अधिक फरक पडतो. वारा थांबल्यावर पाणी हेलकावे घेते आणि एका हेलकाव्याला साधारण चौदा तास लागतात. काल जिथे उबदार पाणी होते तिथे आज गार का, याचे उत्तर अनेकदा या वाऱ्यात असते.

घरटे राखणारा बाप

पाण्याचे कोडे सुटत होते, तसे माशाचेही. अमेरिकेच्या मत्स्य आयोगाने १८९८ मध्ये पुट-इन-बे या ठिकाणी, म्हणजे दक्षिण बास बेटावर, ईरीची जीवशास्त्रीय पाहणी सुरू केली. तिचा प्रमुख होता मिशिगन विद्यापीठाचा जेकब रेघार्ड. याच रेघार्डने पुढे १९०६ च्या सुमारास बासच्या विणीवर सविस्तर निबंध लिहिला. माशांच्या वागणुकीचा असा प्रत्यक्ष, धीराने केलेला अभ्यास तेव्हा नवा होता.

त्या आणि नंतरच्या अभ्यासांतून उभे राहिलेले चित्र असे. मे महिन्यात उथळ पाणी १५ अंशांच्या आसपास आले, की नर किनाऱ्याकडे येतो. शेपटीने गाळ झाडून खडीत बशीसारखा खोलगट खळगा करतो. हेच त्याचे घरटे. मादी त्यात हजारो अंडी घालून निघून जाते. राखण करतो तो बाप. पाणी किती उबदार आहे त्यानुसार साधारण चार ते दहा दिवसांत अंडी फुटतात. त्यानंतरही काही आठवडे तो काळ्या ठिपक्यांसारख्या पिल्लांच्या थव्याभोवती घिरट्या घालतो. या काळात तो फारसे खात नाही. पण घरट्याजवळ जे येईल त्यावर तुटून पडतो. वादळाच्या लाटा आल्या किंवा पाणी एकाएकी गार पडले, तर कधी घरटे सोडूनही जातो. म्हणून काही वर्षी पिल्ले भरपूर होतात, तर काही वर्षी अगदीच कमी.

जूनचे डावपेच

आता गळवाल्याचे डावपेच आपल्याला शास्त्राच्या भाषेत वाचता येतील. मेअखेरीस तो आधी उथळ उपसागर धरतो, कारण कमी खोलीचे पाणी लवकर तापते. जून सरत येतो, पाणी २० अंशांकडे जाते, तेव्हा वीण आटोपलेले मासे उथळ पाणी सोडतात. मग तो बेटांभोवतीच्या बुडालेल्या खडकांच्या कडा शोधतो. तिथे कपारींत क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातली छोटी शेवंड, दडलेली असते आणि ती बासचे आवडते खाद्य आहे. इंजिन बंद करून तो नाव वाऱ्यावर सोडतो, म्हणजे आमिष तळालगत आपोआप सरकत जाते. पृष्ठभागावर हलक्या लहरी असल्या तर त्याला बरे वाटते, कारण उजेड विखुरतो आणि मासा बिचकत नाही. अगदी खोल पाण्यात मात्र तो वेळ घालवत नाही. ईरीच्या मधल्या खोऱ्यात उन्हाळा वाढेल तसा उडीच्या थराखालचा प्राणवायू संपत जातो, आणि जिथे श्वास नाही तिथे बासही नाही.

पण यांतला सर्वांत सोपा डाव कोणता? मेअखेरीस घरट्यावर गळ टाकणे. नर भुकेपोटी नव्हे, तर पिल्लांसाठी आमिषावर झडप घालतो. पकडायला सर्वांत सोपा मासा हाच बाप असतो.

तळाचा श्वास कोंडला तेव्हा

जिब्राल्टर बेट १९२५ मध्ये ज्युलियस स्टोन या उद्योगपतीने घेऊन ओहायो स्टेट विद्यापीठाला दिले. सावकाराच्या हौसेच्या बेटावर ‘स्टोन प्रयोगशाळा’ उभी राहिली. इथल्याच विल्सन ब्रिट या कीटकशास्त्रज्ञाने एका मोठ्या पडझडीची पहिली नोंद केली.

ईरीचा पश्चिम भाग उथळ आहे; सरासरी खोली सात-आठ मीटर. वारा तळापर्यंत पाणी घुसळतो, म्हणून तिथे उडीचा थर सहसा टिकत नाही. तळाच्या चिखलात मेफ्लाय या कीटकाच्या अळ्या दर चौरस मीटरला शेकड्यांनी असत. जूनच्या रात्री त्यांतून पंख फुटलेले कीटक बाहेर पडत आणि काठावरच्या रस्त्यांवर त्यांचे थर साचत. बास आणि इतर माशांना ही मेजवानीच असे. १९५३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मात्र काही दिवस हवा कडक उन्हाची आणि अगदी निवांत राहिली. उडीचा थर तयार झाला. गावांचे सांडपाणी आणि शेतातली खते यांनी पाणी आधीच पोसले गेले होते. तळाचा प्राणवायू थोड्या दिवसांत संपला. ब्रिटने तळाचा चिखल वर काढला तेव्हा त्यात मेलेल्या अळ्या होत्या. नंतर त्या थोड्याफार परतल्या, पण टिकल्या नाहीत. जवळजवळ चाळीस वर्षे बेटांभोवती मेफ्लायचे थवे दिसले नाहीत.

निमित्त निवांत हवेचे होते, पण मूळ कारण फॉस्फरसचे. १९७२ मध्ये दोन्ही देशांनी सरोवरांच्या पाण्याविषयी करार केला. पुढे ईरीत वर्षाला ११,००० टनांहून अधिक फॉस्फरस जाऊ नये, असे लक्ष्य ठरले. सांडपाणी शुद्ध करण्यावर मोठा खर्च झाला आणि १९९० नंतर थोड्याच वर्षांत मेफ्लाय परतले. अर्थात गोष्ट इथे सुखान्त झाली नाही. शेतांतून येणारा फॉस्फरस उरलाच. ऑगस्ट २०१४ मध्ये विषारी शैवालामुळे टोलेडो शहरातील लाखो लोकांना नळाचे पाणी पिऊ नका, असे सांगावे लागले.

नवे पाहुणे, नवे नियम

याच सुमारास बोलावल्याशिवाय आणखी दोन पाहुणे आले. दोघेही काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्राच्या परिसरातले, आणि जहाजांच्या तोल सांभाळण्यासाठी भरलेल्या पाण्यातून आलेले. १९८८ मध्ये शेजारच्या सेंट क्लेअर सरोवरात झेब्रा शिंपले सापडले आणि लवकरच ईरीचा खडकाळ तळ त्यांनी झाकून टाकला. एक शिंपला दिवसाला लिटरभर पाणी गाळतो. पाणी इतके नितळ झाले, की बास आणखी खोल जाऊ लागले आणि गळवाल्यांना दोरी बारीक करावी लागली. दुसरा पाहुणा राउंड गोबी हा बोटभर-वीतभर मासा. १९९० मध्ये तो सेंट क्लेअर नदीत दिसला आणि काही वर्षांत ईरीत पसरला. तो शिंपले खातो आणि बास त्याला खातात. या नव्या खाद्यावर बासची पिल्ले झपाट्याने वाढू लागली. गळाला गोबीसारखे दिसणारे रबरी आमिष लावायची पद्धतही पडली.

पण गोबी बासची अंडीही खातो. बाप घरट्यावर असेल तोवर त्याची डाळ शिजत नाही. बाप गळाला लागला तर? ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी बास बेटांजवळ नेमके हेच तपासले. राखणदार नराला पकडून थोडा वेळ दूर ठेवले, की गोबी घरट्यात शिरून अंडी-पिल्ले फस्त करतात, असे त्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले. मासा पकडून लगेच सोडून दिला, म्हणजे नुकसान झाले नाही, अशी सज्जन गळवाल्यांची समजूत होती. इथे तो परत येईपर्यंत घर लुटले गेलेले असे. कुकच्या काळी गोबी नव्हता, म्हणून तेव्हा त्याच कृतीची किंमत वेगळी होती. कृती तीच, पण सरोवर बदलले.

२००४ पासून ओहायो राज्याने मे आणि जूनचा बहुतेक काळ ईरीतील बास घरी नेण्यास बंदी घातली. नंतर त्या नियमातही बदल झाले. मासे पकडून सोडून देणे चालू राहिले, म्हणजे गोबीचा प्रश्न नियमाने पुरता सुटला नाही. राखण करणाऱ्या नराला ओळखून त्याच्या वाटेला न जाणे, हे शेवटी गळ धरणाऱ्याच्या हातातच राहिले.

आपल्या विद्यार्थ्यांना या इतिहासातून काय सांगावे? होपचे उपकरण, बर्जचा थर्मामीटर, रेघार्डचा निबंध आणि ब्रिटने उपसलेला चिखल हे वेगवेगळ्या विषयांचे धडे वाटतात. पण ते एकाच पाण्याचे धडे आहेत. मासा कुठे असतो हे ज्या ज्ञानाने सांगितले, त्याच ज्ञानाने तो तिथे का असतो हेही सांगितले. आणि ‘का’ कळल्यावर नाव थोडी पुढे न्यावी, घरटे ओलांडून खोल खडकांच्या कडेशी गळ टाकावा, एवढे शहाणपण कोणालाही सुचण्यासारखे आहे. तिथेही मासे असतातच. फक्त ते पकडायला जरा जास्त अक्कल लागते.